आवड आणि आग्रह

आपणांस जे आवडते ते दुसऱ्यासही आवडावे, असे मनुष्यास का वाटते? आणि तसे वाटणे कितपत निर्दोष असते? वरवर पाहता हा प्रश्न क्षुल्लक वाटेल. एखादे पुस्तक, एखादे गाणे आपण मित्राला सुचवितो. त्यात पाप-पुण्याचा विचार कशाला, असे कोणी म्हणेल. आम्हीही तसेच म्हणत होतो. परंतु गेल्या दोन वर्षांतील एका अनुभवाने आम्हांस या प्रश्नापाशी थांबविले, आणि तो अनुभव वाचकांपुढे ठेवावा असे वाटले.

आमच्या धर्मग्रामात एक निवृत्त शिक्षक आहेत. सारे गाव त्यांना गुरुजी म्हणते. आम्हीही तेच म्हणू. अहिल्यानगर जिल्ह्याच्या, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरच्या, ग्रामीण भागातील शाळांत त्यांनी आयुष्य घालविले. पगार बेताचा, संसार मोठा; तरी एका गोष्टीत त्यांनी कधी काटकसर केली नाही. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव १९५३ साली सुरू झाला. गुरुजी तरुणपणी एकदा तेथे गेले, आणि पुढे शक्य होते तोवर जवळजवळ दर वर्षी एस.टी.ने जात राहिले. भीमसेन जोशी, कुमार गंधर्व, मल्लिकार्जुन मन्सूर ही नावे ते घरातील वडीलधाऱ्यांची घ्यावीत तशी घेतात. त्यांच्या पत्नीही सोबत जात. दोघे मंडपात शेजारी बसत आणि परतीच्या प्रवासात कोणता राग कोणी कसा मांडला यावर त्यांचे बोलणे चाले.

दोन वर्षांपूर्वी बाई प्रभूघरी गेल्या. त्यानंतर गुरुजींच्या घरातील गाणे बंद झाले. आम्ही भेटीस गेलो असता त्यांनी शांतपणे सांगितले, "फादर, मारवा लावला की संध्याकाळचा चहा आठवतो. भैरवी लावली की पुण्याहून परतीची पहाट आठवते. स्वर कानांवर येण्यापूर्वी ती येते. मग ऐकू कसे?"

यावर आम्ही काय करावे? सांत्वनाचे शब्द आम्ही व्यवसायाने जाणतो; म्हणूनच त्यांची मर्यादाही जाणतो. तेव्हा मनात एक विचार आला. ज्या संगीतात त्यांच्या कोणत्याही आठवणीने अजून घर केलेले नाही, असे संगीत त्यांना द्यावे. सेमिनरीच्या दिवसांत एका वृद्ध धर्मगुरूंच्या खोलीत जुन्या तबकड्यांवर आम्ही पियानो ऐकला होता. एकोणिसाव्या शतकातील युरोपचे ते एकल पियानोवादन, ज्याला तिकडे रोमँटिक कालखंडाचे संगीत म्हणतात, तेव्हापासून आमच्या सोबतीला आहे. शोपँ, शूबर्ट, शूमान, ब्राम्स, लिस्ट ही त्यातील मोठी नावे. हे संगीत शब्दांवाचून बोलते आणि एकटा मनुष्य एकट्या मनुष्याशी बोलतो तसे बोलते. गुरुजींना ते रुचेल, अशी आमची खात्री होती.

आणि येथेच आमची पहिली चूक झाली. मोबाइल आणि एक छोटा स्पीकर घेऊन आम्ही त्यांच्या ओसरीवर बसलो व त्यांना फ्रान्झ लिस्टची दुसरी हंगेरियन रॅप्सडी ऐकविली. ती आम्हांस तरुणपणी अतिशय आवडे. वाजत असताना आम्ही मधून मधून बोलत होतो : आता पाहा, आता वेग वाढेल, आता दोन्ही हात कसे पळतात ते ऐका! गुरुजींनी शेवटपर्यंत ऐकले. मग म्हणाले, "तयारी जबर आहे. गाणे कोठे आहे?"

आम्ही घरी आलो ते थोडे दुखावले जाऊनच. रात्री प्रार्थनेस बसलो असता मात्र त्या दुखावण्याचेच नवल वाटले. गुरुजींना रचना आवडली नाही, यात आमचे काय गेले? विचार करता उत्तर लाजिरवाणे होते. आम्ही त्यांना संगीत देत नव्हतो; स्वतःची अभिरुची दाखवीत होतो. त्यांच्या दुःखाकडे पाहून नव्हे, तर आमच्या तरुणपणाकडे पाहून आम्ही ती रचना निवडली होती. शिफारस करणाऱ्याने प्रथम दुसऱ्याचा कान ओळखावा लागतो. विलंबित लयीत एकेक स्वर तासभर न्याहाळणाऱ्या रसिकाला आम्ही जत्रेत नेऊन उभे केले होते.

या आत्मपरीक्षणात आणखी एक शंका उभी राहिली आणि ती अधिक खोल होती. आमचा समाज या जिल्ह्यात गावोगावी पसरलेला आहे. परदेशी मिशनऱ्यांनी येथे शाळा, दवाखाने, वसतिगृहे आणली आणि त्यांसोबत आपली गीते व आपले सूरही आणले. त्यांच्या हेतूविषयी आम्हांस आदर आहे. तथापि, देवाची स्तुती करण्यासाठी परका सूरच लागतो, असा समज त्यातून काही पिढ्या रुजला हेही खरे. नगरमध्येच राहून रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी मराठी भजनाला व कीर्तनाला ख्रिस्ती उपासनेत स्थान मिळवून दिले. ते आमच्या पंथाचे नव्हते, पण त्यांचे ऋण सर्वांवर आहे. पुढे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ सालच्या उपासनाविषयक घोषणेत मिशन प्रदेशांतील लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेला योग्य मान द्यावा, असे स्पष्टपणे सांगितले. एवढे सारे झाल्यावर मराठी मातीत मुरलेल्या एका रसिकापुढे एका धर्मगुरूने पुन्हा युरोपचा पियानो ठेवावा काय? सोडून दिलेले ओझे आम्ही त्यांच्या डोक्यावर पुन्हा चढवीत तर नव्हतो?

या शंकेचे उत्तर शोधताना आम्हांस इतिहासातील एक गोष्ट उपयोगी पडली. पोप दहावे पायस यांनी १९०३ साली चर्चमधील संगीताविषयी जो आदेश काढला, त्यात पियानोला चर्चमध्ये स्पष्ट मनाई केली होती. ज्या वाद्याला आम्ही इतके मानतो, ते युरोपातही वेदीपाशी बसविलेले नव्हते. ते दिवाणखान्यातील वाद्य. घरी आलेल्या पाहुण्यासमोर वाजविण्याचे. शोपँला तर मोठ्या सभागृहापेक्षा निवडक श्रोत्यांची बैठकच प्रिय होती. म्हणजे हे संगीत धर्माचा अधिकार घेऊन येत नाही. ते दारात उभे राहते. यजमानाने 'या' म्हटले तर आत येते. आम्हीही ते तसेच आणावयास हवे होते. सुचविणे आणि लादणे यांतील भेद येथे आहे. जे नाकारण्याची दुसऱ्याला पूर्ण मोकळीक आहे, आणि नाकारल्यावरही ज्यामुळे स्नेहात उणेपणा येत नाही, तेवढेच सुचविणे होय. बाकी सारा आग्रह. मग तो कितीही गोड शब्दांत केलेला असो.

काही आठवड्यांनी आम्ही पुन्हा गेलो. या वेळी आधी गुरुजींनाच बोलू दिले. त्यांचा पहिला आक्षेप वाद्यावर होता. "या पेटीत मींड नाही," ते म्हणाले. "एका स्वरातून दुसऱ्यात जाण्याची वाटच नाही. नुसत्या पायऱ्या. याच कारणासाठी रेडिओने १९४० पासून तीसएक वर्षे हार्मोनियमला दाराबाहेर ठेवले होते ना?"

आक्षेप खरा होता. आम्ही तो खोडला नाही. वाद्य कसे चालते एवढेच सांगितले. फ्लॉरेन्सच्या बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीने इ. स. १७०० च्या सुमारास हे वाद्य घडविले. पट्टी दाबली की आतील हातोडी तारेवर आघात करते आणि तत्क्षणी मागे फिरते. पुढे वादकाच्या हाती काही उरत नाही. हार्मोनियमचा स्वर भाता चालेल तोवर टिकतो; पियानोचा स्वर जन्मताच विझू लागतो. वादक त्याला वाढवू शकत नाही की वळवू शकत नाही. असे असता या वाद्यावर गाता कसे येईल? एकोणिसाव्या शतकातील या रचनाकारांचा सारा ध्यास तोच होता. डब्लिनमध्ये जन्मलेल्या जॉन फील्डने, आणि त्याच्यामागून शोपँने, 'नॉक्टर्न' म्हणजे रात्रीची रचना हा प्रकार घडविला : डावा हात संथ साथ धरतो आणि उजवा हात गातो. चांगले गवई ऐका, असे शोपँ आपल्या शिष्यांना सांगे. मींड वाद्यात नाही. एक स्वर विझत असताना दुसरा अशा बेताने ठेवावयाचा की मधली वाट ऐकणाऱ्याच्या मनाने चालावी. गुरुजी म्हणाले, "म्हणजे अर्धे गाणे श्रोत्याने गायचे." आम्ही होकार दिला. याहून चांगले आम्हांसही सांगता आले नसते.

मग आम्ही शोपँचे 'बर्सूझ' लावले आणि गप्प बसलो. बर्सूझ म्हणजे अंगाई. १८४३-४४ साली रचलेली ही साडेचार-पाच मिनिटांची रचना. आरंभी डावा हात एकटाच येतो आणि पाळणा हलावा तसे एक छोटे आवर्तन धरतो. त्या आवर्तनाच्या आरंभी प्रत्येक वेळी तोच खालचा स्वर, तोच षड्ज. रचना जवळजवळ संपेपर्यंत तो हलत नाही. त्यावर उजवा हात चार आवर्तनांची एक साधी सुरावट मांडतो, आणि मग तीच पुन्हा पुन्हा नव्या अलंकारांनी सजवितो. कधी दुहेरी स्वरांनी, कधी मुरक्यांसारख्या नाजूक वळणांनी, कधी वरून उतरणाऱ्या तानांनी. धावत्या जागांत बाराही स्वर येऊन जातात, पण बैठक शुद्ध स्वरांची राहते. आणि शेवट जवळ आला असता एकाएकी कोमल निषाद येतो. ओझरता नव्हे, ठामपणे बसलेला. साऱ्या रचनेचा रंग क्षणभर बदलतो. मग मूळची साधी सुरावट परत येते आणि झोप लागते.

त्या जागी गुरुजींनी हात वर केला. "थांबा. कोमल निषाद!" आम्ही थांबविले. त्यांनी तेवढाच भाग तीनदा ऐकला. "इतका वेळ राखून ठेवला," ते म्हणाले. "याला ठाऊक होते."

याचा अर्थ गुरुजींना पियानो पटला, असा कोणी घेऊ नये. त्यांचा दुसरा आक्षेप पहिल्यापेक्षा अवघड होता, आणि तो त्यांनी त्यानंतर मांडला. आपल्याकडे राग कोणाच्या मालकीचा नसतो. गवई जितका स्वतःला विसरतो तितका राग प्रकट होतो. या युरोपीय मंडळींच्या संगीतात मात्र 'मी' फार आहे : माझे दुःख, माझा विरह, माझी मातृभूमी. एवढ्या आत्मकथनाला भक्ती कशी म्हणावी? ती भावनेची चैन नव्हे काय?

हा प्रश्न आमच्या परंपरेलाही नवा नाही. संत ऑगस्टीन यांनी आपल्या 'कन्फेशन्स' या ग्रंथाच्या दहाव्या भागात हीच चिंता व्यक्त केली आहे. गायिलेल्या आशयापेक्षा गाण्यानेच आपले मन अधिक हलते तेव्हा आपण दोषी ठरतो, असे ते प्रांजळपणे कबूल करतात. आणि तरीही चर्चमधील गायन असावे असेच मत देतात, कारण श्रद्धेच्या आरंभीच्या दिवसांत ते गायन ऐकून आपल्याला रडू आले होते हे ते विसरलेले नाहीत. तेच ऑगस्टीन स्तोत्रांवरील विवेचनात कापणी करणाऱ्या मजुरांविषयी लिहितात. आनंद शब्दांत मावेनासा झाला की ते शब्द टाकून नुसत्या स्वरांनी गातात, आणि अशा गाण्यात शब्दातीत देवाची स्तुती आहे. एकाच संताच्या ठायी भीतीही आहे आणि अनुमतीही. आम्हांस वाटते, दोन्ही आवश्यक आहेत. भावना हे फळ नव्हे. ती जमीन ओली करणारा पाऊस आहे. पेरणी झालीच नसेल तर नुसत्या पावसाने पीक येत नाही.

'मी'विषयी आम्ही गुरुजींना एवढेच म्हटले : तुकोबा प्रत्येक अभंगाच्या शेवटी आपले नाव घालतात, तरी तो अभंग म्हणणाऱ्या वारकऱ्याला तो स्वतःचाच वाटतो. दाविदाच्या नावावरील स्तोत्रांतही 'मी' ओळीओळीला आहे. तरी हजारो वर्षे कोट्यवधी लोक त्यातून आपले रडणे रडले. म्हणजे दोष 'मी'त नाही. जो 'मी' दार लावून घेतो तो अहंकार; जो इतका खरा असतो की कोणीही आत येऊन बसावे, तो साक्षीदार. शोपँने १८३० साली, विसाव्या वर्षी, वॉर्सा सोडले. त्याच महिन्यात तेथे उठाव झाला, आणि तो पुन्हा कधी मायदेशी परतला नाही. १८४९ साली पॅरिसमध्ये तो मरण पावला. त्याचे हृदय त्याच्या बहिणीने पोलंडला नेले आणि ते आज वॉर्सातील पवित्र क्रूसाच्या चर्चमध्ये आहे. हे सारे ठाऊक नसतानाही गुरुजींना कोमल निषाद ऐकू आला. ज्याला स्वतःचे मूल नव्हते त्या माणसाने ही अंगाई रचली. तीत 'मी' कितीसा आहे?

गुरुजी काही बोलले नाहीत. पुढे काही महिने आम्ही महिन्यातून एकदा बसत असू. शोपँच्या 'प्रिल्यूड' रचनांतील पंधरावी ऐकली. १८३८-३९ च्या हिवाळ्यात मायोर्का बेटावरील, संन्यासी निघून गेलेल्या एका जुन्या मठात राहून त्याने हा चोवीस रचनांचा संच पूर्ण केला. तीत पंचम थेंबासारखा सतत पडत राहतो. मध्येच गंधार शुद्धाचा कोमल होतो आणि आभाळ भरून येते, पण पंचम पडतच असतो. शूबर्टची १८२७ सालची एक इम्प्रॉम्टू ऐकली. पुढच्या वर्षी तो एकतिसाव्या वर्षी वारला. ब्राम्सने साठीच्या उंबरठ्यावर, १८९२ साली, रचलेल्या तीन इंटरमेझ्झो ऐकल्या. त्यांतील पहिलीच्या शिरोभागी एका स्कॉटिश अंगाईच्या ओळी आहेत. ब्राम्स गुरुजींना सर्वांत जवळचा वाटला. "हा माणूस आवाज चढवत नाही," ते म्हणाले. शेवटी लिस्टही पुन्हा ऐकला, पण या वेळी 'एकांतातील देवाचा आशीर्वाद' या अर्थाच्या नावाची त्याची दीर्घ रचना. १८६५ साली धर्मसेवेच्या प्राथमिक पदांची दीक्षा घेतलेल्या या वादकाची दुसरी बाजू त्यांना दिसली. वाचकांपैकी कोणास शास्त्रीय गायनाचा कान असेल आणि या संगीताकडे वळावेसे वाटत असेल, तर हाच क्रम आम्ही सुचवू. वेगवान, टाळ्या घेणाऱ्या रचना मागाहून.

एके दिवशी गुरुजींनी विचारले, "फादर, हे आपण मला दुःखापासून दूर नेण्यासाठी दिलेत ना?" आम्ही खरे ते सांगितले : होय, तसाच हेतू होता. ते म्हणाले, "दूर नाही गेलो. त्या अंगाईतला षड्ज ऐकताना तंबोरा आठवला. आणि तंबोऱ्यामागून ती आलीच. पण या वेळी मी उठून गेलो नाही."

त्यानंतरच्या आठवड्यात संध्याकाळी त्यांच्या घरावरून जात असता आतून मारवा ऐकू आला. आम्ही आत गेलो नाही.

आमची शिफारस सफल झाली की विफल? गुरुजी आज पियानो क्वचितच ऐकतात. ते आपल्या घरी, आपल्या संगीताकडे परतले. काही वर्षांपूर्वी आम्ही याला अपयश म्हटले असते. आज तसे वाटत नाही. ज्याच्यावर आपले प्रेम आहे त्याला आपल्या अंगणात आणून बसविणे हे शिफारशीचे साध्य नव्हे. तो अधिक मोकळा होऊन आपल्या वाटेने जावा, एवढेच तिचे काम. प्रभू येशूने बरे केलेल्या कित्येकांना जवळ ठेवून न घेता आपापल्या घरी जाण्यास सांगितले, हे या संदर्भात आम्हांस वारंवार आठवते.

एक गोष्ट सांगावयाची राहिली. मारवा पुन्हा लागल्यानंतर थोड्याच दिवसांनी गुरुजी मिस्सानंतर आमच्याकडे आले आणि मल्लिकार्जुन मन्सूर यांचे एक ध्वनिमुद्रण देऊन म्हणाले, "आता आपली पाळी. संपूर्ण ऐका, मध्ये बोलायचे नाही." आम्ही मनातून खजील झालो. या मातीत जन्मून, याच भाषेत प्रवचने करून, एक विलंबित ख्याल आरंभापासून शेवटपर्यंत आम्ही स्वस्थ बसून कधी ऐकला नव्हता. दुसऱ्याला शोपँ ऐकविण्याची आमची उत्कंठा मोठी होती. शेजाऱ्याच्या घरात पन्नास वर्षे काय वाजत आहे ते जाणण्याची मात्र नव्हती.

तेव्हा आरंभीच्या प्रश्नाचे आमचे उत्तर असे : आपली आवड दुसऱ्याला देण्यात दोष नाही, परंतु त्याची आवड घेण्यास आपण तयार असू, तरच ते देणे निर्मळ राहते. एकाच दिशेने चालणारी शिफारस, ती संगीताची असो वा श्रद्धेची, हळूहळू हुकूम होते. त्या रात्री आम्ही दिवा मालवून मन्सूर ऐकले. पहिली दहा मिनिटे मन भरकटत राहिले. मग केव्हातरी ते थांबले. सकाळी गुरुजींना आम्ही एवढेच सांगितले की पुन्हा ऐकू. ते म्हणाले, "घाई नाही, फादर. ठेवा तुमच्याकडे."